पत्र्याखालचा पाऊस

देवळा, २२ जुलै २००३

सकाळपासून कांदाचाळीत कांदे निवडत होते. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा आणि भाव येईपर्यंत मधूनमधून त्यातला सडका काढत राहायचं, हे आमच्याकडचं पावसाळ्यातलं काम. पाऊस नसला तरी ते चुकत नाही. त्या दिवशीही नव्हता. आभाळ मात्र गच्च. ढग पश्चिमेकडून यायचे, डोक्यावरून जायचे आणि मनमाडची गाडी गाठायची असल्यासारखे पुढे निघून जायचे. तरी आमच्या ह्यांनी सावधगिरी म्हणून चाळीला सगळीकडून प्लास्टिकचा कागद ताणला होता.

मनमाडहूनच माझा मुलगा संदीप आला. तो रेल्वेत आहे, सुटीला घरी येतो. एरवी आल्या आल्या भाकरी मागतो. त्या दिवशी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, वैशाली राजीनामा द्यायचं म्हणते. शुक्रवारी केंद्रप्रमुख शाळेत येणार आहेत, त्यांना तोंडावर सांगणार आहे."

वैशाली माझी सून. निफाडची, डी.एड. झालेली. दिवाळीनंतर शिक्षणसेवक म्हणून लागली ती पेठ तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावर. तिथला हा तिचा पहिलाच पावसाळा. शिक्षणसेवकाची तीन वर्षं काढली की नोकरी कायम. मधेच सोडली तर गेली, आणि पुन्हा भरती कधी निघेल ते सांगता येत नाही.

"झालं काय?" मी विचारलं.

"खोली गळते म्हणते. घरमालकीण म्हणते, गळत नाही. दोघींचं चांगलंच वाजलंय. पाड्यावर दुसरी खोली नाही. पेठहून रोज जायचं तर ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"दर रविवारी फोनवर सांगत होती की. उघडीप नाही, उघडीप नाही म्हणून."

मी हातातला कांदा खाली ठेवला. हे खरं होतं. वैशाली दर रविवारी पेठला एसटीडी बूथवर जाऊन फोन करायची. आम्ही पहिला प्रश्न पावसाचा विचारायचो. ती म्हणायची, "उघडीपच नाही हो." आणि आमचे हे फोन ठेवून गल्लीभर सांगत सुटायचे, "तठे उघडीप नही. नशीबवान शेतस लोके," म्हणजे तिकडचे लोक नशीबवान. आमच्याकडे उघडीप म्हणजे पीक उभं आणि पाऊस गायब. हा शब्द आला की घरात कोणी जास्त बोलत नाही. तेव्हा उघडीप नाही म्हणजे पोरगी सुखात आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. ती तिकडे रडत होती आणि आम्ही इकडून तिचं अभिनंदन करत होतो.

मी हात धुतले आणि पिशवी भरली. थोडे कांदे, घरचे उडदाचे पापड, आणि पत्र्याची शेड बांधताना उरलेला डांबराचा डबा. छप्पर गळतं म्हणजे भोक असणार. भोक असलं की बुजवायचं. त्यात राजीनाम्याचं काय काम, असा माझा हिशेब होता.

सावळघाट

बुधवारी सकाळीच निघाले. नाशिकपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. सीबीएसवर पेठची गाडी धरली तेव्हा कंडक्टरनं डांबराचा डबा पाहून विचारलं, "काकू, हे काय बरोबर?"

"डांबर आहे. झाकण घट्ट आहे."

"असू द्या. पुढे रस्त्याला लागेलच."

रस्त्याला खरंच लागलं असतं. नाशिक सोडेपर्यंत आमच्यासारखंच आभाळ, आमच्यासारखीच कोरडी हवा. शहर मागे पडलं तसा रस्त्याच्या कडेचा रंग बदलू लागला. आधी पिवळट गवत, मग हिरवं, मग इतकं हिरवं की डोळ्यांना बोचावं. भिजलेले लोक गाडीत चढू लागले. त्यांच्या डोक्यावर पानांची विणलेली इरली होती, पाठीवरून गुडघ्यापर्यंत येणारी. वाकून काम करताना छत्रीचा काही उपयोग नाही, इरल्याचा आहे. दारात इरली काढून ती एकात एक घालून ते नेमकी माझ्या पायांशी ठेवत होते.

सावळघाटात गाडी ढगात शिरली. मला आधी वाटलं, इंजिन तापून वाफ आली. ड्रायव्हरनं दिवे लावले. खिडकीची काच नव्हतीच, त्यामुळे ढग सरळ आत आला आणि माझ्या शेजारच्या सीटवरून पलीकडच्या खिडकीनं बाहेर गेला. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही, पण मनगटावरच्या लवेवर बारीक बारीक थेंब बसले. देवळ्याला आम्ही ज्याच्याकडे माना वर करून बघतो तो हाच प्राणी. जवळून पाहिला तर अगदी मवाळ वाटला.

पेठला स्टँडसमोर गरम भजी खाल्ली. तिथून जीप. जीपवाल्यानं आत बसतील तेवढे आत आणि उरलेले बाहेर लटकवून नेले. संदीपनं पेठच्या बूथवरून निरोप पोचवला होता, त्यामुळे पाड्याच्या फाट्यावर वैशाली छत्री घेऊन उभी होती. वाळली होती आणि खोकत होती. पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या साडीला तो वास आला, जो आमच्याकडे ओल्या पोत्यात राहिलेल्या धान्याला येतो.

"आई, तुम्ही कशाला आलात?"

"छप्पर बघायला," मी म्हटलं.

पाड्यावर

घरमालकीण पारूबाई माझ्याच वयाच्या. काटक, बोलायला फटकळ. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. इथे मला आधी चुलीजवळ पाट मिळाला. पाणी कोणी विचारलं नाही, पाण्याचं तिथे कौतुक नाही. विस्तवाचं आहे. चुलीच्या वर बांबूची माळोची होती, तिच्यावर सरपण, बी-बियाणं, कपडे, सगळं धुरात वाळत होतं. घराच्या कुडाच्या भिंती छपरापर्यंत पोचतच नव्हत्या. मधे हातभर फट. त्या फटीतून ढग आत येत होता आणि दुसरीकडून बाहेर जात होता. कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

पारूबाईंनी मला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. मी पापड दिले. ते वाटेतच मऊ पडून घडी घालण्याजोगे झाले होते. पारूबाईंनी एक उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हे पुसायला का खायला?"

मग लगेच मुद्द्यावर आल्या. "सासूबाई, तुम्ही मोठ्या हाय म्हणून सांगते. माझं घर गळत नाय. मागल्या साली नवीन पत्रा टाकला त्या खोलीवर. बाई रोज सांगते गळतं, गळतं. आमच्याकडं घर गळतं म्हणजे घरचा बाप्या कामाचा नाय. माझ्या मालकानं तीनदा वर चढून बघितलं. लोक हसाया लागले त्याला."

"पण पाणी पडतं ना," वैशाली म्हणाली.

"मग डोळ्यातनं पडत आसंल."

वैशाली ताडकन उठून खोलीत गेली. मी भाकरी पुरी करून मग गेले. भाकरी चांगली होती.

खोली वेगळी, पक्क्या विटांची, वर पत्रा. आत गेल्यावर मला माझीच सून दिसली, म्हणजे तिचं व्यवस्थित वळण. आमच्याकडे धूळ आणि झळ येऊ नये म्हणून आम्ही घर जसं बंद करतो, तशी तिनं ही खोली बंद केली होती. दोन्ही खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत जुन्या साड्यांचे बोळे ठासून बसवलेले. दाराखाली पोतं. ढगाला आत पाऊल टाकायला जागा नव्हती. दोरीवर ओले कपडे.

तिनं स्टोव्ह पेटवला आणि पिठलं टाकलं. आम्ही दोघी स्टोव्हजवळ बसलो. थोड्या वेळानं माझ्या मानेवर एक थेंब पडला. मग एक पिठल्यात. मग कोपऱ्यातल्या अंथरुणावर टपटप सुरू झाली.

"बघा," वैशाली म्हणाली. तिच्या आवाजात मला दाखवता आल्याचं समाधान होतं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मी खोटं बोलते का? मला वेड लागलंय का?"

मी वर पाहिलं. कंदिलाच्या उजेडात भोक दिसलं नाही. बाहेर मुसळधार चालली होती. "उद्या उजेडी बघू," मी म्हटलं. "आणि राजीनाम्याचं शुक्रवारपर्यंत कोणापाशी बोलू नकोस."

शाळेत

गुरुवारी सकाळी मी तिच्या वर्गात मागे जाऊन बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, पाऊस खंडतच नव्हता. शाळेची एकच खोली, त्यात चार इयत्ता. त्या दिवशी नेमका पावसाचा पाठ होता. फळ्यावर वैशालीनं सूर्य काढला, समुद्र काढला. उन्हानं पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड होते, ढग होतो, पाऊस पडतो. मुलं ऐकत होती. सूर्य पाहून त्यांना बरेच दिवस झाले असावेत.

एका मुलीनं हात वर केला. "बाई, तुमच्या गावाला ढग नाय का?"

"आहेत की."

"मंग पाऊस का नाय पडत?"

वैशालीनं पुस्तकातलं सांगितलं. "इथले डोंगर ढगांना अडवतात, म्हणून पाऊस इथे पडतो."

मला गप्प बसवेना. "अडवतात तर आमच्याकडे येतात कसे?" मी मागून म्हटलं. "आमच्याकडे ढग रोज येतात. येत नाही तो पाऊस."

मुलं माझ्याकडे वळून बघू लागली. वैशाली लाल झाली आणि म्हणाली, "ते उद्या बघू." शिक्षकानं उद्या बघू म्हटलं की काय समजायचं ते पोरांना माहीत असतं. मला नंतर वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं. पण प्रश्न बरोबर होता.

दुपारी पाऊस एकदम थांबला. पाड्यावर आरडाओरडा झाला. "उघाड पडली, उघाड पडली." लोक घराघरांतून धावत बाहेर आले, हातात गोधड्या, घोंगड्या, पोरांचे कपडे. कुंपणावर, दगडावर, बैलगाडीवर, जागा मिळेल तिथे सगळं वाळत पडलं. म्हाताऱ्यांनाही बाहेर आणून बसवलं. मी मात्र तो शब्द ऐकून सवयीनं मान वर करून ढग शोधायला लागले. मग आठवलं, मी देवळ्यात नाही.

डांबर पारूबाईंच्याच चुलीवर गरम केलं. शिडी त्यांचीच, आणि धरायलाही त्याच. मी पदर खोचून वर चढले. खालून बोलणं चालू होतं.

"सापडलं का भोक, सासूबाई?"

"बघते."

"नीट बघा. येवढ्या लांबनं आलाय, रिकाम्या हातानं नका जाऊ."

पत्रा नवा होता. एकही भोक नव्हतं. पण वर चढलेल्या माणसानं काहीतरी करून उतरायला हवं, म्हणून मी एकेका खिळ्याच्या डोक्यावर डांबर लावलं. सगळे खिळे झाले. पारूबाईंच्या नव्याकोऱ्या पत्र्याला देवीचे व्रण आल्यासारखं दिसायला लागलं. त्या मान वाकडी करून ते डाग मोजत राहिल्या.

खाली उतरून खोलीत आले. वैशालीनं शाळेतून येऊन वाळायला टाकलेले कपडे अर्धवट ओलेच आत आणले होते, ढग पुन्हा यायच्या आत दार लावून घेतलं होतं आणि चहा ठेवला होता. पारूबाईही मागोमाग आत आल्या. "झालं ना समाधान?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक थेंब त्यांच्याच कपाळावर पडला.

आम्ही तिघी वर बघत राहिलो. बाहेर आभाळ कोरडं. खिळे बंद. आणि खोलीत टपटप चालू. पारूबाईंनी कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "बया, हे तर खरंच पडतंय."

मी खाटेवर चढले आणि पत्र्याला खालून हात लावला. हात ओला झाला. एका जागी नाही, सगळीकडे. पत्र्याच्या खालच्या अंगाला मोहरीएवढे थेंब दाटीनं बसले होते. दोन थेंब एकमेकांना भिडले की मोठा व्हायचा, उताराला लागायचा, वाटेतल्यांना पोटात घ्यायचा आणि जड झाला की सुटायचा. हे मी पाहिलेलं होतं. कांद्याच्या ढिगावर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दाबली की सकाळी तिच्या आतल्या बाजूला हेच दिसतं. बाहेर टिपूस नसतो आणि आतले कांदे भिजलेले असतात. आम्ही म्हणतो, कांद्याला घाम आला.

"छप्पर गळत नाही," मी म्हटलं. "हा घाम आहे. तुझ्या चहाचा, कपड्यांचा, आपल्या श्वासांचा. बाहेर जायला वाट नाही म्हणून वर जातो, पत्रा गार आहे म्हणून तिथेच पाणी होतो."

वैशालीनंही वर चढून पत्र्याला हात लावला. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे मी शाळेत जो पाऊस शिकवते तो रात्री घरी पाडते."

"रोज," मी म्हटलं.

पारूबाईंना हसू आवरेना. "आन् माझ्या मालकाला वर चढवता." पण त्यांनीच पहिल्यांदा हात घातला आणि फटीतला एक बोळा ओढून काढला. "ढगाला कोंडायचं नसतं, बाई. येतो तसा जातो. त्याला काय आपल्याकडं राहायचं हाय?"

मग आम्ही सगळे बोळे काढले. खिडक्यांचं प्लास्टिक फाडलं. ओले कपडे पारूबाईंच्या चुलीवरच्या माळोचीवर गेले आणि एका शेगडीत निखारे आणून ठेवले. ढग पुन्हा आला, खोलीतून फिरला, निघून गेला. संध्याकाळी आम्ही परत पिठलंच केलं, मुद्दाम. आम्ही दोघी जेवणापेक्षा वरच जास्त बघत होतो. पत्र्यानं थोडी ओल धरली, पण थेंब काही सुटला नाही.

जेवताना वैशाली एकदम म्हणाली, "आई, डोंगर अडवत नाही. चढवतो."

"काय?"

"सकाळचा तुमचा प्रश्न. वारा समुद्रावरून वाफ घेऊन येतो. वाफ दिसत नसते. समोर सह्याद्री आला की त्याला वर चढावं लागतं. वर हवा विरळ, वारा फुगतो आणि गार होतो. खोलीत पत्रा गार, तिथे उंची गार. वाफ धुळीच्या, धुराच्या कणांवर पाणी होऊन बसते, तो ढग. ते थेंब इतके बारीक असतात की तरंगत राहतात, पडत नाहीत. एकमेकांना भिडून मोठे झाले की पडतात."

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्याकडे वारा उतरतो. उतरताना दबतो, तापतो. उरलेले थेंब पुन्हा वाफ होतात. वरच्यावर थोडा ढग राहतो, तो तुम्हाला दिसतो. त्यात पडण्याएवढं जड काही नसतं."

एवढी वर्षं मी त्या ढगांना शिव्या देत आले. ते येतानाच रिकामे होऊन येत होते.

"हे त्या पोरीला सांग," मी म्हटलं.

"उद्या सांगेन म्हटलंय ना," ती म्हणाली. उद्या शुक्रवार होता. केंद्रप्रमुखांचं तिनं काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पुन्हा लागला होता. मी पारूबाईंकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्या पत्र्यावर मी डाग पाडलेत, ते काही निघायचे नाहीत. आज तुमच्या शेतात भाताची आवणी आहे ना, मी येते."

"तुम्हाला जमंल?"

"कांद्याची रोपं आयुष्यभर लावली आहेत."

"कांदा कोरड्यात. हे गुडघाभर चिखलात."

त्यांनी एक इरलं माझ्या डोक्यावर चढवलं. ते हलकं निघालं, आणि वाकल्यावर पाठ खरंच कोरडी राहिली. पहिल्या ओळीत माझी अर्धी रोपं तरंगून वर आली. पारूबाई मागून येऊन ती पुन्हा दाबत होत्या आणि पलीकडच्या बायकांना सांगत होत्या, "सासूबाई लावतात, मी वेचते." दुसऱ्या ओळीपासून अंगठा कसा दाबायचा ते कळलं.

बांधावरून केंद्रप्रमुख गेलेले दिसले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. शाळेच्या दारात वैशाली उभी होती. दोघं आत गेले. मग बराच वेळ पावसाच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मी ओळ धरून मागे सरकत राहिले. शाळेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळतच होती.

मधल्या सुटीत वैशाली छत्री सावरत बांधावर आली.

"आई, कांदे उरलेत का? साहेब जेवायला थांबतायत. पुढच्या महिन्यातल्या शिक्षकांच्या शिबिराला मी जाईन म्हटलंय, त्याचं त्यांना बोलायचंय."

"पिशवीत आहेत," मी म्हटलं. "पण खोलीत स्टोव्ह लावशील तर आधी खिडकी..."

"उघडीच आहे," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

मी पुढचं रोप घेतलं आणि अंगठ्यानं चिखलात दाबलं.